वाकून मोजणारे कचरूमामा

कचरूमामांना कुठलीही गोष्ट सांगितली की ते एकच विचारायचे, "वाकून बघितलं का?"

गोष्ट कुठलीही असो. कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली, कुणाच्या मुलीला आलेलं स्थळ बरं निघालं नाही, सरपंच या खेपेला नक्की पडणार, आज एसटी येणारच नाही. सांगणारा सांगून दमला की मामा शांतपणे विचारायचे, "वाकून बघितलं का?" एसटी वाकून कशी बघायची, असं मी एकदा म्हटलं. "रस्त्याला कान लावून," मामा म्हणाले. थट्टा करताना त्यांचा चेहरा जरासुद्धा हलत नसे, त्यामुळे थट्टा झाली हे समोरच्याला दोन-तीन मिनिटांनी कळायचं.

मामा वनविभागाच्या रोपवनावर चौकीदार होते. टेंभुर्णीच्या पुढं एक उघडाबोडका डोंगर आहे, गाव त्याला बोडखी म्हणतं. बोडखीवर तीन वर्षांपूर्वी रोपं लावली होती आणि ती जगवायची हे मामांचं काम होतं. मी बदनापूरची. वनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठानं मला आणि माझ्या वर्गातल्या संदेशला कार्यानुभवासाठी तिथं पाठवलं. मार्च ते मे. रोज डायरी लिहायची, शेवटी अहवाल द्यायचा. बाकीच्या मुलींना कुणाला मेळघाट मिळालं, कुणाला ताडोबा. आम्हाला बोडखी. "तुमच्या जंगलात झाड आहे का गं एखादं?" असा मैत्रिणीचा मेसेज आला. मी वाचला आणि फोन पालथा ठेवला.

एरवी मी तिला चांगलं झणझणीत उत्तर दिलं असतं. पण त्या जानेवारीत माझी आई गेली होती आणि तेव्हापासून मला काही वाटायचंच बंद झालं होतं. वाईटसुद्धा वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर तो आत काय खुडबूड करतोय ते नुसतं कळतं, तसे माझे दिवस चालले होते. नातेवाईक म्हणायचे, पोरगी मोठी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता.

पहिल्या दिवशी मामा आम्हाला घ्यायला स्टँडवर आले होते. बुटका, काटक माणूस. शर्ट खाकी सरकारी, पायजमा पांढरा घरचा. हातात सायकल, सायकलला दोन्ही बाजूंनी पाण्याचे दोन कॅन.

"तुमीच का त्या झाडाच्या कालेजातले?"

आम्ही हो म्हटलं. त्यांनी माझ्या नव्या बुटांकडं नीट बघितलं.

"बूट चांगले हायेत. गुडघ्याला काय आणलं?"

मला काही कळलं नाही. संदेश हसला. आपली थट्टा चालली आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं.

मामांच्या डाव्या अंगठ्याचं नख लांब, जाड आणि काळंकुट्ट होतं. ते त्यांनी कधी काढल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. "हे सरकारी औजार हाये," ते सांगायचे, "घरी वापरायची परवानगी न्हाई." त्यांच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा असे दोन फोटो शेजारी शेजारी होते. जयंतीला निळा फेटा बांधून, कडक इस्त्रीचे कपडे घालून ते निघाले तेव्हा त्यांच्या बायकोनं त्या नखावर अर्धा तास दगड आणि साबण चालवला होता. नख होतं तसंच राहिलं. मिरवणुकीत मामा दिवसभर अंगठा मुठीत धरून चालले.

औजाराचा उपयोग असा. आमच्याकडं उन्हाळ्यात रोपांची पानं गळतात. तेवढ्यावर भागत नाही, पुष्कळ रोपं वरून पार वाळतात आणि खड्ड्यात नुसती काडी उभी राहते. उभ्यानं बघणाऱ्याला ती मेलेली दिसते. मामा त्या काडीपाशी गुडघ्यावर बसायचे, बुडाशी मातीला टेकलेली साल नखानं तांदळाएवढी खरवडायचे. खाली हिरवं दिसलं की रोप जिवंत. वरचं सगळं गेलं तरी ते पावसाळ्यात बुडातून पुन्हा फुटतं. मग खरवडलेल्या जागेवर चिमूटभर ओली माती लावायची आणि पुढच्या खड्ड्याकडं जायचं.

हे आमच्या पुस्तकात होतं. परीक्षेत चार मार्कांना यायचं. मी दोनदा लिहिलं होतं.

बोडखीवर मामांचा एक कायदा होता. चूळ खड्ड्यातच भरायची. डबा धुवायचा तो खड्ड्यात, हात धुवायचे ते खड्ड्यात, आणि कोणत्या खड्ड्यात ते मामा सांगणार. "तुमी काल सीताफळावर धुतला. आज त्या शिवणीचा लंबर हाये." वनपालसाहेब पाहणीला आले तेव्हा पाणी पिऊन त्यांनी सवयीनं उरलेलं पाणी वाटेवर फेकलं. मामा त्या ओल्या मातीकडं साहेब जाईपर्यंत बघत राहिले. पुढच्या वेळी साहेबांनी बाटली मुकाट्यानं मामांच्या हातात दिली.

शेळ्यांशी त्यांचं वैर होतं, पण बोलणं आदराचं. "अवो बाई, निघा. तुमाला सांगितलं ना एकदा." एकदा कुंपणातून तीन शेळ्या आत शिरल्या. मामांनी त्या हाकत थेट कोंडवाड्यात नेऊन घातल्या. त्यातली एक त्यांच्या स्वतःच्या घरची होती. त्या संध्याकाळी मामींनी भाकरी थापली ती एकटीपुरती. दुसऱ्या दिवशी डोंगरावर मामा आमच्या डब्यातलं जेवले आणि म्हणाले, "बाई बराबर हाये. पर शेळी बी बराबर पकडली."

त्यांचं नाव साहेबांच्या कपाळाला आठ्या पाडायचं ते मात्र रजिस्टरमुळे. रोपवनाच्या रजिस्टरात दर महिन्याला दोन आकडे भरायचे असतात, जिवंत आणि मृत. मामा चौथी शिकलेले, अक्षर ठसठशीत. त्यांनी 'मृत' हा शब्द पहिल्या महिन्यातच आडवी रेघ मारून खोडला होता आणि वर लिहिलं होतं, 'प्रलंबित'.

साहेबांनी एकदा आमच्यासमोरच विचारलं, "कचरू, झाड प्रलंबित कसं असंल रे?"

"साहेब, मला कायम करायची फाईल बावीस सालापासून प्रलंबित हाये. तुमी तिला मेली म्हन्ता का?"

साहेबांनी रजिस्टर मिटलं आणि चहा मागवला.

एका दुपारी आम्ही तिघं बोडखीवरच्या एकुलत्या एका मोठ्या पळसाखाली बसलो होतो. संदेशनं विचारलं, मामा, तुमचं नाव कचरू कसं पडलं? आमच्या भागात ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं मागाहून झालेल्याचं नाव कचरू नाहीतर धोंडू ठेवतात, दृष्ट लागू नये म्हणून. ते मला माहीत होतं. पण मामांचं प्रकरण वेगळं निघालं.

"माझ्या आधीचे दोन गेल्ते. मी झालो तर रडलोच न्हाई. निळा पडल्तो म्हने. समदे उभे राहून म्हनले, ह्यो बी गेला. सुपात घातलं आन् उकिरड्याच्या कडंला नेऊन ठिवलं. सुईन हात धुऊन घरला निघाल्ती. जाता जाता काय वाटलं कोन जाने, वाकली. तळपायाला नख लावलं." मामांनी स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं. "मंग मी जे बोंबललो, ते गावानं ऐकलं."

संदेश म्हणाला, "मामा, तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर मेलेले होतात."

"मी प्रलंबित व्हतो," मामा म्हणाले.

संदेश पोट धरून हसला. मीही हसल्यासारखं केलं. ते मामांच्या नजरेतून सुटलं नाही, पण त्यांनी तेव्हा काही विचारलं नाही.

आता मोजणीचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

तिसऱ्या उन्हाळ्यात रोपवनाचं मूल्यांकन होतं. पुरेशी रोपं जिवंत निघाली तर आणखी दोन वर्षं टँकर मिळतो, चौकीदार राहतो. नाही निघाली तर रोपवन 'अयशस्वी' ठरतं, टँकर बंद, चौकीदार बंद. मामांना दुसरीकडं रोपवाटिकेत काम मिळालं असतं, त्यांच्या पोटाचा प्रश्न नव्हता. प्रश्न बोडखीचा होता. "आजून दोन उन्हाळे," ते रोज म्हणायचे. "दोन उन्हाळे काढले की मंग त्येंला माझी बिलकुल गरज न्हाई."

मोजायला माणसं कमी होती. साहेब म्हणाले, ही दोन पोरं आहेत की, शिकलेली आहेत, यांचीच मोजणी लावू. नेमकी त्याच आठवड्यात दुसऱ्या डोंगराला आग लागली आणि मामांना तिकडं धाडलं. जाताना ते आमच्या खोलीवर आले. सायकलवरून न उतरता म्हणाले, "मी येस्तोर मोजू नका. मोजायचंच झालं तर वाकून मोजा."

आम्ही हो म्हटलं.

पहिली ओळ आम्ही वाकून मोजली. प्रत्येक काडीपाशी बसलो, खरवडलं, बघितलं, माती लावली. मे महिना होता, दगड तापलेले होते, गुडघे टेकवत नव्हते. एका ओळीला सगळी सकाळ गेली. दुसऱ्या ओळीत संदेश वाकत होता आणि मी उभ्यानं लिहीत होते. तिसऱ्या ओळीपासून तोही उभा राहिला. पुढं चालत तो ओरडायचा, "मृत, मृत, जिवंत, मृत," आणि मागून मी खूण करायचे. मला बरोबर काय ते माहीत होतं. संदेशला थांबवणं माझ्या हातात होतं, वही माझ्याकडं होती. मी थांबवलं नाही. मला दमल्यासारखंही वाटत नव्हतं. फक्त तो शब्द ऐकायचा आणि रेघ मारायची, एवढं सोपं होतं. दोन दिवसांत अख्खी बोडखी मोजून झाली.

साहेबांनी आकडे संगणकावर भरून पाठवून दिले.

मामा आठ दिवसांनी परतले. भुवयांचे केस जळाले होते. निकाल आला त्या दिवशी आम्ही सगळे ऑफिसात होतो. साहेबांनी कागद वाचून दाखवला. अयशस्वी. एक तारखेपासून टँकर बंद.

मामा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "मोजलं कोनी?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले. संदेश जमिनीकडं.

"मी," मी म्हटलं.

"वाकून?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. पाण्याचा ग्लास हातात होता, तो घेऊन बाहेर गेले आणि उरलेलं पाणी दारातल्या कडुलिंबाला घातलं. ग्लास आणून जागेवर ठेवला. माझ्याकडं रागानं बघितलंसुद्धा नाही. मी साहेबांना म्हटलं, पुन्हा मोजते, एकटी मोजते, चार दिवस द्या. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, ते आता वर गेलंय. एकदा भरलं की उघडत नाही."

त्या क्षणी मला फार वाईट वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बोडखीवर गेले. मामा आधीच तिथं होते. तिसऱ्या ओळीपासून मी सुरुवात केली, कारण तिथूनच आम्ही उभे राहिलो होतो. बसायचं, खरवडायचं, बघायचं. पहिली काडी हिरवी. दुसरी कोरडी. तिसरी हिरवी. चौथी हिरवी. मी मेलेली म्हणून लिहिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त हिरवी निघाली. माझं नख दहाव्या रोपालाच तुटलं, मग मी हातातल्या फुटलेल्या बांगडीच्या काचेनं खरवडत राहिले. ऊन वर आलं तेव्हा मामा माझ्याजवळ येऊन बसले आणि पाण्याची बाटली पुढं केली.

"म्याडम, येक विचारू का? घरी कोनी गेलंय का?"

"आई. जानेवारीत."

"जवळ व्हत्या का?"

मी हॉस्टेलवरून आले तेव्हा आईला खाली काढून ठेवलेलं होतं. खोली बायकांनी भरली होती. मावशी म्हणाली, ये, जवळ ये, तोंड बघ. मी दारातच उभी राहिले, उचलेपर्यंत तिथंच उभी राहिले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मामांना सांगितलं.

आता ते काहीतरी समजुतीचं बोलतील असं मला वाटलं आणि नकोसं झालं. पण ते म्हणाले, "पाणी प्या." मी प्यायले. उरलेलं पाणी मी समोरच्या खड्ड्यात ओतलं. मामांनी तो खड्डा बघितला आणि म्हणाले, "आज ह्याचाच लंबर व्हता."

आमचे शेवटचे चार दिवस राहिले होते. संदेश खोलीवर अहवाल टाइप करत होता. मामा संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले.

"तुमच्या वहीत त्या मेल्याल्या रोपांची यादी आसंल ना?"

"आहे."

"ती मला लिहून द्या. वळ कोनती, खड्डा कोनता. मोठ्या अक्षरात."

"कशाला मामा?"

"टँकर तर बंद व्हनार. माझ्या सायकलवर दोन क्यान बसतात. समद्यांला कुठून पुरंल? जी जिती लिहिलीत त्येंचं त्ये बघतील कसं बी. ज्येंला मेलं म्हन्लं, त्येंच्याकडं कोन जाईल? मंग तिथं आधी जावं लागंल ना."

चार रात्री मी ती यादी लिहिली. ओळ सात: खड्डा चार, नऊ, अकरा, बारा. ओळ आठ: खड्डा एक, दोन, सहा. जी खरोखर मेली होती तीही लिहिली, कारण बहुतेक ओळी मी पुन्हा बघू शकले नव्हते आणि त्यातली कुठली हिरवी आहेत हे मला माहीत नव्हतं. आपण काय केलं आहे ते मला त्या आकड्यांमध्ये पहिल्यांदा नीट दिसलं. एवढे खड्डे दोन कॅन पाण्यात भिजत नाहीत, हे मला कळत होतं आणि मामांनाही कळत असणार. पहिल्या पानाच्या वर मी सवयीनं 'मृत' लिहिलं होतं. ते पान फाडलं आणि नव्या पानावर 'प्रलंबित' लिहून पुन्हा सुरुवात केली.

मामांनी पानं घेतली, पहिल्या पानावरून नख फिरवत वाचलं. मथळ्यापाशी क्षणभर थांबले. "अक्षर चांगलं हाये," एवढंच म्हणाले आणि पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवली.

निघायच्या दिवशी, एक तारखेला, ते स्टँडवर आले नाहीत. रोपवाटिकेतलं नवं काम आठला सुरू व्हायचं आणि त्याआधी ते कुठं असणार हे मला माहीत होतं. जालन्याची बस बोडखीच्या पायथ्यावरून जाते. मी खिडकीची जागा धरली. रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला आणि बस तिथंच, डोंगराखाली, थांबली.

मामा खालच्या ओळींत होते. सायकल दगडाला टेकवलेली. त्यांनी खिशातून पिशवी काढली, पिशवीतून कागद. एका हातानं कागद धरला आणि त्यावर अंगठा ठेवला. मग खड्डे मोजत चार-पाच पावलं गेले, थांबले, गुडघ्यावर बसले. खरवडलं. माती लावली. तांब्यानं पाणी घातलं. उठताना त्यांना गुडघ्यावर हात द्यावा लागला. पुन्हा कागद. पुन्हा पावलं. पुन्हा खाली.

कळप संपेना. मला उतरता आलं असतं, मी दारापासून दुसऱ्याच बाकावर होते. उतरले नाही. पाच खड्डे झाले, पाचही वेळा ते खाली बसले, आणि पाचही खड्डे माझ्या अक्षरातले होते. त्यांनी रस्त्याकडं एकदाही बघितलं नाही. मग मेंढरं सरली, बस हलली, आणि सहाव्या खड्ड्यापाशी वाकलेली त्यांची पाठ तेवढी मला दिसली.

माझे गुडघे सोलवटले होते. बस खड्ड्यातून गेली की पुढच्या बाकावर आपटायचे आणि दुखायचे. जानेवारीपासून पहिल्यांदाच काहीतरी दुखत होतं. मी पाय बाजूला घेतले नाहीत. मग गुडघ्याच्या दुखण्याबरोबर सगळंच वर आलं आणि मी खिडकीच्या गजाला कपाळ लावून मोठ्यानं रडायला लागले, बाया मागं वळून बघतील इतक्या मोठ्यानं.

तिकिटं फाडत कंडक्टर माझ्यापर्यंत आला आणि थांबला. वाकून, हळू आवाजात त्यानं विचारलं, "कोनी वारलं का ताई?"

"हो," मी म्हटलं. "आई. जानेवारीत."